‘घ’पेक्षा किंचित कमी

“शैला, वर ये. आत्ताच्या आत्ता!”

गच्चीवरून अण्णांची हाक आली तेव्हा मी स्टोवर दूध तापवत होते. आई दचकून म्हणाली, “हे जिना चढले? दवाखान्यातून येऊन चार तास नाही झाले अजून!” मी स्टो तसाच तिच्या हवाली केला आणि वर पळाले.

डिसेंबरची अठ्ठावीस तारीख होती, सन एक्याऐंशी. धरणावरचं वारं अंगात घुसत होतं. अण्णा दुर्बिणीशेजारी वाकून उभे होते, एक हात पोटावरच्या जखमेवर दाबलेला.

“बघ,” ते म्हणाले आणि बाजूला झाले.

मी डोळा लावला. एरवी जिथे डोळे ताणल्याशिवाय दिसू नये असा ठिपका असायचा, तिथे एक ठसठशीत तारा होता.

“काल रात्री पाहिला होतास ना?”

“हो.”

“काल ‘घ’पेक्षा कमीच होता?”

“वहीत लिहिलंय ना, अण्णा.”

“म्हणजे एका रात्रीत,” असं म्हणून अण्णा हळूच कठड्यावर बसले. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. “बारा वर्षं पाहतोय मी याला. नेमका मी नसताना हा भडकला असता तर? पण तू होतीस. तू वहीत खंड पडू दिला नाहीस.”

पण कालच्या रात्री मी गच्चीवर गेलेच नव्हते. परवाही नाही. गेले पंचवीस-सव्वीस दिवस मी त्या ताऱ्याच्या नोंदी खाली खोलीत बसून, मनानं लिहिल्या होत्या.

माझे वडील, विश्वनाथ गुंजकर, धरणावर गेज रीडर होते. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला पाण्याची पातळी वाचायची, पाऊस मोजायचा, रजिस्टरात आकडा लिहायचा, खाली सही करायची. नोंदीच्या बाबतीत त्यांच्यासारखा कडक माणूस मी पुढे नोकरीतही पाहिला नाही. पाहिलं असेल तर आकडा, नसेल तर आडवी रेघ. अंदाज म्हणून तिसरा प्रकार त्यांच्या लेखी नव्हताच. मी नववीत असताना एकदा त्यांना ताप होता म्हणून मी पातळी वाचून आले आणि त्रेपन्नच्या जागी पस्तीस सांगितलं. त्यांनी तापातच स्वेटर घातला आणि मला घेऊन पुन्हा धरणाच्या भिंतीवर गेले. मारलं नाही, ओरडलेही नाहीत. परत येताना फक्त एवढंच म्हणाले, “एवढंही जमत नाही का, शैला?”

तारा ही त्यांची दुसरी ड्यूटी. सहा इंची आरसा त्यांनी स्वतः घासून तयार केला होता, एका रिकाम्या पिंपाभोवती फेऱ्या मारत, आठ महिने. पत्र्याची नळी कॉलनीच्या वर्कशॉपमध्ये वाकवून घेतली होती. पुण्याच्या एका खगोल मंडळानं त्यांना वृषभ राशीतला एक अंधूक तारा नेमून दिला होता. हा तारा वयानं अगदी लहान, अजून बाळसं धरणारा. त्याच्याभोवती वायूचं आणि धुळीचं भलंमोठं चाक फिरतं आणि त्यातला माल थोडा थोडा ताऱ्यावर पडत राहतो. कधी एकदम पुष्कळ पडला तर तारा भडकतो आणि त्याच्या दोन्ही टोकांनी वायूच्या पिचकाऱ्या सुटतात. “केव्हा भडकेल ते सांगता येत नाही,” अण्णा म्हणायचे. “दोन वर्षांनी भडकेल, नाहीतर दोनशे वर्षांनी. म्हणून रोज बघायचं.”

बघायची रीत सोपी होती. त्यांनी हातानं नकाशा काढला होता. आमच्या ताऱ्याच्या आजूबाजूला ‘क’, ‘ख’, ‘ग’, ‘घ’ असे चार स्थिर तारे. ‘क’ सगळ्यांत तेजस्वी, ‘घ’ सगळ्यांत अंधूक. आपला तारा कोणापेक्षा कमी आणि कोणापेक्षा जास्त, एवढं ठरवून लिहायचं. बारा वर्षं अण्णांच्या वहीत बहुतेक एकच ओळ होती: ‘घ’पेक्षा किंचित कमी.

बावीस नोव्हेंबरला अण्णांचं पोट असह्य दुखायला लागलं आणि त्यांना ऑफिसच्या जीपमधून औरंगाबादला हलवावं लागलं. आई बरोबर गेली. मी बारावीला होते म्हणून मागे राहिले. रात्री सोबतीला शेजारच्या पठाणमावशी यायच्या. जीपमध्ये आडवं पडल्या पडल्या अण्णांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “वही तुझ्याकडे. खंड पडू देऊ नकोस.” ऑपरेशन झालं, पण ताप उतरेना. पाच आठवडे ते तिकडेच होते.

चार रात्री मी नेमानं वर गेले. मग सहा रात्री खरोखरच ढग होते, तेही मी लिहिलं. दोन डिसेंबरला आभाळ उघडलं, मी दुर्बीण लावली आणि मला तारा सापडला नाही. तीन तारखेलाही तेच. मी खाली आले आणि वहीत दोन्ही रात्रींसाठी लिहिलं: ‘घ’पेक्षा किंचित कमी. चार तारखेपासून मी वर जाणंच सोडलं. पूर्वपरीक्षा तोंडावर होती, थंडी होती, आणि तारा काय, बारा वर्षांत हलला नव्हता. एका रविवारी तर मी पुढच्या आठवड्याच्या नोंदीही लिहून टाकल्या. खऱ्या वाटाव्यात म्हणून दोन ठिकाणी शाई बदलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी पुण्याला तार केली. त्या दिवसापासून आमच्या घरात सण असल्यासारखं झालं. डेप्युटी इंजिनिअरसाहेब स्वतः येऊन गच्चीवर तारा बघून गेले. पठाणमावशींनी खीर आणून दिली. आई येईल त्याला सांगायची, “हे दवाखान्यात होते ना, तेव्हा शैलानं सगळं सांभाळलं हो!” मी पुस्तक समोर धरून बसायचे आणि पान उलटायचंच विसरायचे. रोज ठरवायचे, आज सांगू. मग अण्णा जेवताना म्हणायचे, “आज जखम अजिबात दुखली नाही बघ,” आणि माझं तोंड बंद व्हायचं.

तीन जानेवारीला पुण्याहून उत्तर आलं. उद्या एक मोठ्या शास्त्रज्ञ बाई मुंबईहून जीपनं येणार होत्या, मूळ वही पाहायला. अण्णांनी वही टेबलावर उघडली आणि मला बोलावलं.

“बावीस तारखेपासूनच्या नोंदी तुझ्या आहेत. प्रत्येकीपुढे सही कर.”

“प्रत्येकीपुढे?”

“ज्याचा डोळा त्याची सही.”

मी सह्या केल्या. छत्तीस. दहांनंतर माझी सही मलाच ओळखू येईना. अण्णा शेजारी टीपकागद घेऊन उभे होते, एकेक सही टिपत होते.

“हात का गार पडलाय?” त्यांनी विचारलं.

“थंडी आहे,” मी म्हटलं.

शास्त्रज्ञ बाईंचं नाव डॉ. मालिनी चौबळ. पन्नाशीच्या असाव्यात. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम पिशवी. सकाळी अकराला उतरल्या त्या हात धुऊन थेट वहीपाशी बसल्या. आईनं पोहे ठेवले, ते तसेच निवत राहिले. बाईंनी आधीची बारा वर्षं चाळली. मधूनमधून मान डोलवत होत्या.

“गुंजकर, अशी वही माझ्याकडचे विद्यार्थी ठेवत नाहीत,” त्या म्हणाल्या.

अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी नुसती मान खाली घातली.

“आता माझी अडचण सांगते. तारा भडकलाय यात शंका नाही, आम्ही तिकडून परवाच खात्री केली. वीस-पंचवीस पट उजळलाय. पण असा तारा तेजात वर चढायला आठवडे लागतात, कधी महिने. चाकातला माल काही एका रात्रीत खाली येत नाही. तुमची वही म्हणते, सत्तावीसच्या रात्री काहीच नव्हतं आणि अठ्ठावीसला सगळं झालेलं होतं. हे खरं असेल तर आम्ही आजवर जे मांडलं ते सगळं पुन्हा मांडावं लागेल.”

“वही खरी आहे,” अण्णा म्हणाले.

“मला तसंच वाटतंय. म्हणून तर आले. आज रात्री स्वतः बघते, पहाटे निघते आणि उद्या दुपारी जगभरच्या वेधशाळांना तार करते: एका रात्रीत उद्रेक. मोठ्या दुर्बिणी बाकीची कामं बाजूला ठेवून इकडे वळतील. तुमचं नाव जाईल.” मग माझ्याकडे वळून हसून म्हणाल्या, “आणि हिचंही.”

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

“फक्त एक गोष्ट तपासून घेऊ,” बाई म्हणाल्या. “या काळातलं इथलं हवामान कुठे लिहिलेलं मिळेल?”

अण्णा हसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना असं हसताना पाहिलं. “मॅडम, ते तर आमचं कामच आहे.” ते स्वतः उठले, पोट धरून हळूहळू ऑफिसात गेले आणि पावसाचं रजिस्टर काखेत मारून आले. त्यांच्या रजेत ते जाधव नावाच्या दुसऱ्या कर्मचाऱ्यानं लिहिलं होतं.

बाईंनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि तारखांवरून बोट फिरवायला सुरुवात केली. मी त्या बोटाकडे बघत होते. दहा तारीख. बारा. चौदाला बोट थांबलं.

“चौदा डिसेंबर. इथे लिहिलंय, संध्याकाळपासून दाट ढग, रात्री पाऊस, नऊ मिलिमीटर. आणि तुमच्या वहीत: आकाश स्वच्छ, ‘घ’पेक्षा किंचित कमी.”

त्या रविवारी आगाऊ लिहिलेल्या नोंदींतली ती एक होती. पाऊस पडला तेव्हा मी रजई घेऊन पाठांतर करत होते आणि वहीची मला आठवणही झाली नव्हती.

अण्णा पुढे वाकले. दोन्ही ओळी त्यांनी दोनदा वाचल्या.

“जाधवनं तारीख चुकवली असेल,” ते म्हणाले. “नाहीतर मध्ये तासभर उघडलं असेल. माझी मुलगी पाहिल्याशिवाय लिहिणार नाही, मॅडम. तिची सही आहे.”

बाईंचं बोट चौदा तारखेवरच होतं. अण्णा उठायला लागले. “जाधवला बोलावतो. समोरासमोर विचारतो. माणूस जरा निष्काळजीच आहे.”

जाधवकाका गरीब माणूस. अण्णांच्या रजेत रोज दोनदा भिंतीवर चालत जायचे आणि येताना मला शेवग्याच्या शेंगा आणून द्यायचे. अण्णा दारापर्यंत आले, मी दारात उभी होते.

“अण्णा, जाधवकाकांचं बरोबर आहे,” मी म्हटलं.

“काय?”

“त्या रात्री पाऊस होता. मी वर गेले नव्हते.”

“एकाच रात्री?” अण्णांनी विचारलं.

“दोन तारखेपासून. सगळ्या नोंदी खोट्या.”

स्वयंपाकघरात आईच्या हातातली बांगडी वाजली. अण्णा परत खुर्चीपाशी गेले, पण बसले नाहीत, पाठीला धरून उभे राहिले.

“आधीच्या चार?”

“खऱ्या आहेत. ढगाच्या सहापण.”

“मग दोन तारखेला काय झालं?”

मी रडत नव्हते; रडू आलं असतं तर बरं झालं असतं. “तारा सापडला नाही.”

“म्हणजे?” आता बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता. “त्या जागी काहीच दिसलं नाही?”

“दिसत होतं. पण दुसराच तारा दिसत होता. मोठा. ‘ग’एवढा. आपला तर ‘घ’पेक्षाही बारीक. मला वाटलं जागा चुकली. मी परत कृत्तिकांपासून सुरुवात करून आले, तीनदा आले. दर वेळी तोच. तीन तारखेला पुन्हा गेले, तर तो ‘ग’पेक्षाही थोडा जास्त वाटला. मग मला खात्रीच झाली की मी कुठेतरी भलतीकडे बघतेय.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“आणि अठ्ठावीसला वडिलांनी दाखवला तेव्हा?”

“तेव्हा कळलं. तोच होता. फक्त आणखी मोठा झाला होता.”

“मुली,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “तू भलतीकडे बघत नव्हतीस.”

अण्णांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला न समजणारं काहीतरी होतं. “ऑफिसात फोन होता,” ते म्हणाले. “दवाखान्यात फोन होता. आई दर दोन दिवसांनी तुझ्याशी बोलत होती. मला एक निरोप धाडायचा, तारा सापडत नाही म्हणून. एवढंच.”

“तुम्ही म्हणाला असता...”

“काय म्हणालो असतो?”

“एवढंही जमत नाही का.”

अण्णा माझ्या बाजूनं दारातून बाहेर गेले, पायऱ्या उतरले आणि सरळ धरणाच्या भिंतीच्या दिशेनं चालू लागले. आई त्यांच्या मागे शाल घेऊन धावली. बाईंनी मला खुर्चीवर बसवलं आणि निवलेल्या पोह्यांची बशी माझ्यापुढे सरकवली. त्यांनी समजावलं नाही, रागावल्याही नाहीत. मी पोहे खाल्ले नाहीत. अण्णांना तिकडे काही झालं तर, त्यांचे टाके, त्यांचं पोट, पाण्याच्या कडेची ती भिंत, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तासाभरानं ते आले. घाम आला होता. टेबलाशी बसले, लाल पेन उघडलं आणि दोन डिसेंबरपासूनच्या सव्वीस नोंदींवर एकेक रेघ मारत गेले. प्रत्येक रेघेपुढे त्यांनी मला सही करायला लावली, आणि माझ्या सहीखाली स्वतःची केली.

“दोन आणि तीन तारखेला हिनं जे पाहिलं, तेवढं लिहा,” बाई म्हणाल्या. “चढता तारा पाहिलेला माणूस दुसरा कोणी नाही आपल्याकडे.”

“आठवणीवरून नोंद होत नाही, मॅडम.”

“मला तिच्यावर विश्वास आहे.”

“मलाही आहे,” अण्णा म्हणाले. “पण या वहीत नाही. तुमच्या वहीत तुम्ही लिहा. असंही लिहा की नंतर सांगितलं.”

बाईंनी तसं लिहून घेतलं. रात्री तारा पाहिला, पहाटे गेल्या. तारेत ‘एका रात्रीत’ हे शब्द नव्हते. तारा भडकला आहे, केव्हा ते निश्चित नाही, एवढंच गेलं. तरीही मोठ्या दुर्बिणी वळल्या, आणि महिन्याभरात बाईंचं पत्र आलं की त्या लहानग्या ताऱ्यातून वायू सेकंदाला तीनशे किलोमीटर वेगानं बाहेर फेकला जातोय. अण्णांनी ते आईला वाचून दाखवलं. मी आतल्या खोलीतून ऐकलं.

त्या दोन महिन्यांत अण्णा माझ्याशी नीट वागत होते, आणि तेच मला सहन होत नव्हतं. अभ्यासाचं विचारत नव्हते. वर बोलावत नव्हते. वही कुठे ठेवतात तेही मला ठाऊक नव्हतं.

मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आली. सेंटर तालुक्याला, धरणापासून अठरा किलोमीटर. फिजिक्सच्या पेपरला मी मैत्रिणींबरोबर फाटकाशी उभी होते, आणि समोरून अण्णा सायकलवरून येताना दिसले. ड्यूटीच्या वेळेत अण्णा धरण सोडून आलेले मी जन्मात पाहिले नव्हते. आईला काही झालं, हेच पहिलं मनात आलं.

ते उतरले, धापा टाकत. खिशातून एक पाकीट काढलं.

“बाईंचं पत्र. कुठल्याशा परदेशी वेधशाळेत आभाळाचे रोजचे फोटो काढून ठेवतात, त्यांनी त्या फोटोंच्या जुन्या काचा शोधल्या. एक डिसेंबर आणि पाच डिसेंबर. एक तारखेला ‘ग’पेक्षा थोडा कमी, पाच तारखेला ‘ख’च्या जवळ.” त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. “तू सांगितलंस ते बरोब्बर मध्ये बसतं. तू नीट पाहिलं होतंस.”

मला पत्रातलं एक अक्षर दिसेना.

“हे संध्याकाळी सांगता आलं असतं,” अण्णा म्हणाले. “पण मला राहवेना.” मग सायकलच्या हँडलकडे बघत, रजिस्टरात लिहावं तसे शब्द सुटे सुटे करत म्हणाले, “खोटं लिहिलंस ती तुझी चूक. खरं सांगायची तुला भीती वाटली, ती माझी.”

घंटा झाली. मैत्रिणी हाका मारायला लागल्या. त्यांनी पत्र परत घेतलं, घडी करून खिशात ठेवलं आणि मला आत जायची खूण केली.

तो पेपर मला बरा गेला नाही. तीन तासांनी बाहेर आले तेव्हा ऊन रणरणत होतं, आणि फाटकासमोरच्या कडुलिंबाखाली सायकल टेकवून अण्णा अजून तिथेच उभे होते. पहिलीपासून प्रत्येक परीक्षेनंतर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता: किती चुकलं? त्या दिवशी त्यांनी तो विचारला नाही.

“भूक लागली असेल,” ते म्हणाले, आणि मी मागे नीट बसेपर्यंत सायकल धरून उभे राहिले.